अनुभव धागा: कॅप अ‍ॅन्सनचे हिट्स नेमके किती?

१८७१ ते १८९७, सलग २७ सीझन खेळलेला बेसबॉलपटू. एका तक्त्यात त्याचे हिट्स (चेंडू मारून बेस गाठल्याच्या नोंदी) ३,४३५, दुसऱ्यात तीन हजारांच्या जरासे वर. अ‍ॅन्सन पहिली पाच वर्षं नॅशनल असोसिएशन या जुन्या लीगमध्ये खेळला. तिथले ४२३ हिट्स कोणी धरतं, कोणी सोडून देतं. आकडे चाळता चाळता मला या माणसाचा लळा लागला आणि पुढे त्रासही झाला. अमेरिकेत राहणारे, स्कोअरिंग करणारे, आकड्यांचे वेडे, सगळ्यांनी लिहा. त्याचा कुठला आकडा मनात रुतून बसला?

शिकागोहून

लेक सातवीत असताना गणिताच्या प्रोजेक्टसाठी तिने १८८७ चा सीझन घेतला. त्या एका वर्षी वॉकसुद्धा (बॉल टाकणाऱ्याच्या चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस) हिट म्हणून मोजायचे. अ‍ॅन्सनचे १६४ हिट्स, ४७२ अ‍ॅट-बॅट (बॅटिंगच्या मोजलेल्या पाळ्या), म्हणजे सरासरी .३४७. दोन्हीकडे ६० वॉक मिळवले की २२४ भागिले ५३२, थेट .४२१. जेवणाच्या टेबलावर तिने दोन्ही भागाकार हाताने केले आणि विचारलं, "बाबा, खेळला तर तेवढंच ना? मग वाढला कसा?"

.४२१ मुळे त्या वर्षी लीगमध्ये तो पहिला ठरला होता. पुढे वॉक वजा झाले आणि पहिला नंबर .३७२ वाल्या सॅम थॉम्पसनकडे गेला. लेकीला फार वाईट वाटलं. मला अजून वाटतं. त्या वर्षी जो नियम होता, त्यानेच तो खेळला होता.

मुंबईहून

कांगा लीगच्या सामन्यांना मी बरीच वर्षं स्कोअरबुक धरलं आहे. पावसाने पानं दमट व्हायची, पेन्सिल उमटायची नाही, तरी प्रत्येक बॉलची खूण करायचोच. लेगबायला बॅट्समन जिवाच्या आकांताने पळतो, पण धाव त्याच्या नावावर लागत नाही. मी लिहिताना समोर असतो तोच नियम. म्हणून मला वाटतं, ते ६० वॉक वेगळ्या रकान्यात राहू द्या, हरकत नाही. पण ४२३ मात्र कापू नका. मैदान होतं, समोर बॉलर होता, कोणीतरी बसून प्रत्येक हिट लिहून ठेवला होता. त्या लिहिणाऱ्याच्या कष्टांना काही मोल आहे की नाही?

न्यू जर्सीहून

वरचं वाचून राहवलं नाही. तेच १८८७ साल, १४ जुलै, आमच्या इथलं नेवार्क. अ‍ॅन्सनचा शिकागो संघ प्रदर्शनीय सामन्याला आला होता. नेवार्ककडे जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय पिचर (बॉल टाकणारा) होता. अ‍ॅन्सनने त्याच्याविरुद्ध खेळायला हरकत घेतली आणि स्टोव्ही मैदानात उतरलाच नाही. त्याच दिवशी, नेवार्क ज्यात खेळायचं त्या इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचा ठराव केला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपले दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू आठवले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा बॉलर. पुण्यात त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळायचा. आणि हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच नाही.

२०२४ मध्ये १९२० ते १९४८ च्या निग्रो लीग्जचे (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीग) आकडे मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या नोंदींत आले. त्यातला जॉश गिब्सन कारकिर्दीच्या .३७२ सरासरीवर सगळ्यांच्या पुढे गेला. त्या दिवशी मी ऑफिसात रडलो. पण स्टोव्हीचा काळ त्याच्याही आधीचा. अ‍ॅन्सनचे हिट्स ३,४३५ धरा की कमी, कोणाविरुद्ध उभं राहायला त्याने नकार दिला हेही त्या ओळीशेजारी लिहिलेलं मला हवं आहे.

पुन्हा शिकागोहून, पण लिहिणारी मी दुसरी

ओक वूड्स दफनभूमीत अ‍ॅन्सनची कबर आहे. त्याच आवारात वंशभेदाविरुद्ध लढलेल्या पत्रकार आयडा बी. वेल्स आणि कृष्णवर्णीय ऑलिंपिक धावपटू जेसी ओवेन्स यांच्याही कबरी आहेत. आम्ही गेलो तेव्हा फुलांचा एकच गुच्छ नेला होता. तो वेल्सबाईंपाशी ठेवला. मग अ‍ॅन्सनच्या कबरीपाशी गेलो आणि सासऱ्यांनी, जे आयुष्यभर क्रिकेटचे आकडे वहीत उतरवत आले, तिथे उभ्या उभ्या मला त्याचे २७ सीझन सांगितले.