अंगमेहनतीचं काम आणि अंगदुखी: तुमचे अनुभव

उमा_वाशी
परवा मार्केटात एक पोरगा पाठीवर पोतं घेऊन तसाच कंबरेतून वळला आणि अण्णा आठवले. अण्णा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. टोळीत नवीन पोरगा आला की आधी हेच शिकवायचे, ओझं असताना कंबर वळवायची नाही, पाय वळवायचे. थप्पीच्या वरच्या थराला दोघांनी मिळून हात लावायचा. त्यांच्या उमेदीत 100 किलोची पोती असायची, पुढे युनियनच्या रेट्याने 50 ची झाली. ते म्हणतात, गुडघे शाबूत राहिले ते त्यामुळे, बामामुळे नाही. 1969 चा माथाडी कायदा नसता तर फंड, भरपगारी सुट्टी, दवाखाना यातलं काही दिसलं नसतं.
तुमच्याकडे काय उपयोगी पडलं ते लिहा ना.

सिस्टर_नाशिक
ड्युटीवरून लिहितेय. पेशंटला काखेत धरून वर ओढू नका!! खाली आडवी चादर टाकायची, दोन्ही बाजूंनी दोघींनी धरायची, एक-दोन-तीन म्हणून सरकवायचं. त्याआधी बेड कमरेइतका वर घ्यायचा. घाईत हेच राहतं आणि मग कंबर धरते. बेल वाजली, आले

भिरंड
भातलावणीला दिवसभर वाकून पाठीचा काटा ढिला होतो. आमची आई दर ओळ संपली की बांधावर जाऊन ताठ उभी राहायची, पाठीमागे हात घेऊन. पायाला चिखल्या झाल्या की रात्री पाय धुऊन कोरडे करून भिरंडेल.

पुणेकर_मीरा
भिरंडेल म्हणजे कोकमाचं तेल ना? पुण्यात कुठे मिळेल? टाचा फार फुटल्यात

भिरंड
हो तेच. घट्ट वडी असते, चमच्यात गरम करून लावायचं. कोकणातल्या वस्तूंच्या दुकानात विचारा

कंडक्टर_ताई
एसटीत उभं राहून पाय सुजतात ते वेगळंच. खरा त्रास लघवीचा. स्टँडवरची स्वच्छतागृहं बघून बायका पाणीच पीत नाहीत, मग जळजळ, ताप. मी आता पाणी पिते आणि स्टँड आला की आधी जाऊन येते. कंट्रोलर काय म्हणायचं ते म्हणो.

सिस्टर_नाशिक
ताई अगदी बरोबर करताय 🙏

बालाघाट
आमच्या बीडच्या ऊसतोड बायकांचं काय. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाला एक जोडी, दिवस चुकला तर खाड्याचे पैसे कापतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, पाळी असो नाहीतर पोटात बाळ. खाडा नको म्हणून किती जणींनी तरुणपणीच गर्भपिशवी काढून घेतली. 2019 ला याच्या चौकशीला नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. माझी चुलती पिशवी काढलेल्यांतलीच. कंबर अजून दुखते तिची. तिला व्यायाम काय सांगू?

उमा_वाशी
दादा, वाचून पोटात तुटलं. चुलतीला तपासून घेतलंय का कुठे?

फिजिओ_सातारा
बालाघाट, कमी वयात पिशवी काढली की हाडं लवकर ठिसूळ होऊ शकतात, डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. आणि सगळ्यांनाच, पायात मुंग्या, जोर कमी होणं किंवा लघवीवर ताबा न राहणं असलं काही झालं तर चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बालाघाट
मुंग्या येतात तिला. सोमवारी बीडला नेतो

पुणेकर_मीरा
आणि कंबरपट्टा लावला तर चालेल का हो रोज?

फिजिओ_सातारा
ओझं उचलतानाच. दिवसभर नको