‘गोड्या पाण्यातील मगर’ म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न (पवई)

पवई तलावाच्या काठी फिरायला येणाऱ्यांसाठी आमच्या गृहनिर्माण संस्थेतर्फे एक माहितीपत्रक काढायचे आहे. एका सदस्याने मसुद्यात पुढील वाक्य घातले आहे : ‘तलावातील मगरी गोड्या पाण्यातील असून त्या माणसाला अपाय करीत नाहीत; हल्ला करणाऱ्या मगरी खाऱ्या पाण्यातील असतात.’ मूळच्या सांगलीकडच्या दुसऱ्या सदस्याने ‘मगर’ हा शब्द खोडून ‘सुसर’ असा केला आहे. यांतला कोणता शब्द योग्य, आणि मूळ विधान शब्दार्थाच्या दृष्टीने तरी बरोबर आहे का?

उत्तर (दादर)

विधान चुकीचे आहे आणि ते पत्रकात जाता कामा नये, हे प्रथमच सांगतो. चूक कुठून येते हे समजले, तर शब्दांचा प्रश्नही बराचसा सुटेल.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात अरुंद, निमुळत्या जबड्याची आणि आकाराने मध्यम अशी एक मगर आढळते. तिचे प्रचलित इंग्रजी नाव मराठीत शब्दशः आणले, की ‘गोड्या पाण्यातील मगर’ असे होते. मासे आणि लहान प्राणी हे तिचे खाद्य. पाय पडला किंवा कोणी तिला पकडू पाहिले तर ती चावते, पण माणसाला भक्ष्य समजून झडप घालत नाही. त्याच प्रदेशात खाऱ्या पाण्यातील मगरही असल्यामुळे तेथील लोकांच्या बोलण्यात या दोन नावांची जोडी म्हणजे जवळजवळ सौम्य आणि घातक यांची जोडी ठरली आहे. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांतून ही जोडी आपल्याकडे आली, आणि पवईची मगर गोड्या पाण्यात राहते म्हणून तिलाही ते सौम्यपण चिकटले.

पवई, विहार आणि तुळशी या तलावांत असलेली मगर मात्र अगदी वेगळी. भारत, श्रीलंका, नेपाळ, पाकिस्तान आणि इराण या देशांत आढळणारी ही जाती. तिच्या शास्त्रीय नावातील ‘पॅलुस्ट्रिस’ या पदाचा अर्थ दलदलीतली असा होतो आणि इंग्रजीतील तिचे ‘मगर’ हे नाव आपल्याच भाषांतून तिकडे गेलेले आहे. जबडा रुंद, शरीर दणकट, मोठे नर चार मीटरच्याही पुढे वाढणारे. खाऱ्या पाण्यातील मगर आणि आफ्रिकेतील नाईल मगर या दोन जातींकडून माणसांवर सर्वाधिक प्राणघातक हल्ले होतात हे खरे. पण त्यांच्या पाठोपाठ हल्ल्यांच्या नोंदींत नाव येते ते आपल्या याच मगरीचे. कृष्णाकाठी सांगली जिल्ह्यात तिने माणसांचे जीव घेतले आहेत. ज्या काठावर ही वस्तुस्थिती लोकांना अनुभवाने माहीत आहे, तेथून आलेल्या सदस्याने शब्द बदलला पण विधान तसेच राहू दिले, याचे मला आश्चर्य वाटते.

आता ‘सुसर’. संस्कृत ‘शिशुमार’, पालीतील ‘सुंसुमार’ या मालिकेतला हा शब्द असून हिंदीत त्याच कुळातला ‘सूंस’ गंगेतील डॉल्फिनसाठी वापरतात. मराठीत मात्र त्याचे दोन अर्थ रूढ आहेत : बोलीत सुसर म्हणजे सरळ मगर, तर प्राणिजीवनावरील काही लेखनात सुसर म्हणजे घडियाल. घडियाल महाराष्ट्राच्या नद्यांत मूळचा नाहीच; गंगा, चंबळ, ब्रह्मपुत्रा, महानदी हे त्याचे प्रदेश. तेव्हा कृष्णेतील ‘सुसर’ ही मगरच असते. पण पत्रकात ‘सुसर’ लिहिले आणि एखाद्या वाचकाने घडियालाविषयी वाचलेले असले, तर त्याचा पुन्हा तोच गैरसमज होईल, कारण घडियाल खरोखरच माणसाची शिकार करीत नाही. त्याचा लांबट, चिमट्यासारखा जबडा मासे पकडण्यासाठी आहे. त्याच्या पोटात कधीकाळी दागिने सापडले म्हणून त्याला नरभक्षक म्हटले गेले; मात्र गंगेत प्रेते सोडली जात आणि घडियाल तळाचे खडेही गिळतो, एवढे लक्षात घेतले तर त्या आरोपात काही उरत नाही. अत्यंत संकटग्रस्त अशा प्राण्यावर हा ठपका राहू नये, असे मला मनापासून वाटते.

म्हणून पत्रकात ‘मगर’ हाच शब्द ठेवावा, त्याला पाण्याचे कोणतेही विशेषण लावू नये, आणि पाण्याच्या कडेला बसू नये, हातपाय धुऊ नयेत, कुत्र्यांना पाण्यात सोडू नये, खाद्य टाकू नये, असे स्पष्ट लिहावे.

पूरक शंका (गिरगाव)

माझे माहेर चिपळूणचे. वाशिष्ठीच्या खाडीत, जिथे भरतीचे पाणी येते, तिथल्या मगरींना आमच्याकडे काही जण ‘खाऱ्या पाण्यातल्या मगरी’ म्हणतात. मग त्या ओडिशातील भितरकनिकाच्या मगरींपैकीच समजायच्या का?

उत्तर (दादर)

नाही, ताई. वाशिष्ठीतील मगर पवईतल्या मगरीच्याच जातीची. तिला मचूळ पाणी सहन होते, म्हणून ती खाडीपर्यंत उतरते. आपण दिलेल्या उदाहरणामुळे चुकीची दुसरी बाजू पुढे आली, याबद्दल आभारी आहे. भारतात खरी खाऱ्या पाण्यातील मगर भितरकनिका, सुंदरबन आणि अंदमान-निकोबार येथे आहे, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नाही. उलट तीसुद्धा नद्यांतून बरीच आत, गोड्या पाण्यात राहते. फिलिपीन्समध्ये 2011 साली पकडलेला त्या जातीचा एक नर 6.17 मीटर लांब आणि हजार किलोहून अधिक वजनाचा होता, आणि तो समुद्रात नव्हे तर आतल्या भागातील पाणथळीत सापडला होता. पाण्याची चव हे जातीचे लक्षण नव्हे. म्हणून ‘खाऱ्या पाण्यातील’ हे केवळ जातीचे नाव म्हणून वापरावे, जागेचे वर्णन म्हणून नव्हे.

आणखी एक मत (ठाणे)

वरील विवेचन मान्य आहे; केवळ ‘जाती’बद्दल थोडी भर घालतो. ‘नाईल मगर’ हे नावही दीर्घकाळ दोन जातींना मिळून वापरले जात होते. जनुकीय अभ्यासावरून 2011 साली पश्चिम आफ्रिकेतील मगर निराळी मानली गेली; ती तुलनेने शांत असून बुर्किना फासोतील बाझुले या गावी लोक तिला पवित्र मानतात आणि तिच्याजवळ वावरतात. त्यामुळे जुन्या मराठी लेखनात ‘आफ्रिकेतील मगर’ एवढाच उल्लेख असेल, तर त्यावरून धोक्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरे, वृत्तपत्रांतील ‘नरभक्षक मगर’ या प्रयोगाबद्दल. घरट्याजवळ आलेल्या माणसावर मादी धावून जाते, तेव्हा ती अंड्यांचे किंवा पिलांचे रक्षण करीत असते; तिथे ‘हल्ला’ हा शब्द पुरेसा आहे. भक्ष्य म्हणून माणसाला ओढून नेले असेल, तरच ‘नरभक्षक’ शब्दाला आधार मिळतो. आणि 2024 च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर आलेल्या मगरीने कोणालाही इजा केल्याचे वृत्त नसेल, तर तिच्या बाबतीत ‘हल्ला’ हा शब्दही लागू पडत नाही. ‘मगर रस्त्यावर आली’ एवढेच वाक्य बरोबर आहे.