हळदीच्या कॅप्सूलच्या डबीवर "एनएफ-कप्पा-बी ब्लॉक करते" लिहिलंय, म्हणजे नक्की काय?

दौलतगंजची_सून:
नमस्कार मंडळी, आम्ही ग्वाल्हेरचे. थंडी सुरू झाली की सासूबाईंचे गुडघे फार धरतात, म्हणून नणंदेने कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य द्रव्याच्या, कॅप्सूल मागवल्यात, ५०० एमजी, सोबत काळ्या मिरीचा अर्क. डबीवर छापलंय की एनएफ-कप्पा-बी ब्लॉक करून सूज मुळातून थांबवते. सासूबाई म्हणतात हळदच तर आहे, रोज वरणात घालतोच की. कोणी सोप्या भाषेत सांगेल का हे काय प्रकरण आहे?

फार्मावाला_लष्कर:
वहिनी, डबीवरचं साफ खोटं नाही पण अर्धंच आहे. एनएफ-कप्पा-बी हे प्रोटीन एरवी पेशीत आय-कप्पा-बी नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला बांधलेलं, गप्प पडून असतं. जंतू आला, किंवा शेजारच्या पेशीने टीएनएफ (सुजेचा निरोप देणारं प्रोटीन) सोडलं की रिसेप्टरवरून, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रोटीनवरून, तो आत जातो, आयकेके नावाचं एन्झाइम आय-कप्पा-बीला फॉस्फेट चिकटवतं, ते मोडीत निघतं, आणि सुटलेलं एनएफ-कप्पा-बी न्यूक्लियसमधे जाऊन कॉक्स-२, आयएल-६ (ही दोन्ही सूज वाढवणारी प्रोटीन) आणि परत टीएनएफचेच जीन चालू करतं, म्हणून सूज पसरत जाते. लॅबमधे पेशींवर कर्क्युमिन टाकलं की हे अडतं, १९९५ पासून असे पेपर आहेत. पण गिळल्यावर आतडं आणि लिव्हर त्याचं रूप बदलून बाहेर काढतात, रक्तात जेमतेम उरतं. आणि हा रेणू दिसेल त्या प्रोटीनला चिकटतो, वर स्वतःच चमकतो, त्यामुळे लॅबच्या टेस्ट पण फसतात. २०१७ मधे औषध-रसायनवाल्यांनी मोठा आढावा घेऊन नेमकं ह्यावरच बोट ठेवलं होतं.
मिरी त्यासाठीच घालतात. १९९८ च्या बंगळुरूच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन (मिरीतलं तिखट द्रव्य) दिलं तर शोषण २० पट वाढलं. वरणातल्या हळदीत कर्क्युमिन असतं ३ टक्क्यांच्या आसपास, तेव्हा तुलनाच नको.
सासूबाईंना बाकी काय औषधं चालू आहेत?

छावणीचे_काका:
हे सगळं ठीक पण गुडघ्याला फरक पडतो की नाही ते सांगा ना! आमच्या वडिलांच्या वेळेपासून घरात श्योपूरच्या जंगलातला सलईच्या झाडाचा डिंक असायचा, दाल बाजारात मिळायचा. त्याला काही शास्त्र आहे का नुसतीच म्हाताऱ्यांची समजूत?

फार्मावाला_लष्कर:
काका, सलईचं गणित वेगळं आहे. त्यातली बॉसवेलिक ॲसिडं ५-लायपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम दाबतात; ते एन्झाइम ल्युकोट्राइन नावाची सूज आणणारी रसायनं बनवतं. आयबुप्रोफेन वगैरे दुखण्याच्या गोळ्या अडवतात ती कॉक्सची लाइन, ही तिच्या शेजारची. २००३ मधे नागपूरला ३० पेशंटवर ट्रायल झाली, दुखणं कमी झालं, पण ३० म्हणजे अगदीच थोडे. हळदीची त्याहून मोठी आहे, थायलंडमधली २०१४ ची, ३६७ जण, ४ आठवडे, रोज १५०० मिलिग्रॅम अर्क. आराम आयबुप्रोफेनच्या जवळपास, पोटाचा त्रास कमी. तेव्हा गुडघ्याला काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही, पण त्यावरून डबीवरचा कप्पा-बी सिद्ध होत नाही.

दौलतगंजची_सून:
औषधं... बीपीची एक, आणि हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय म्हणून वॉरफरिन, रक्त पातळ ठेवायची गोळी. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, करतो.

फार्मावाला_लष्कर:
मग सुरू करू नका, आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारा. २०१८ मधे न्यूझीलंडच्या औषध खात्याने वॉरफरिनवाल्या एका पेशंटबद्दल इशारा दिला होता, हळदीचं सप्लिमेंट सुरू केल्यावर आयएनआर १० च्या वर गेलं. एवढ्यात आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. आणि पायपेरिन लिव्हरमधली औषधं मोडणारी एन्झाइम्स दाबतं, ते फक्त कर्क्युमिनपुरतं थोडंच थांबणार, बीपीच्या गोळीचं पण बघावं लागेल.

छावणीचे_काका:
म्हणजे जे लागू पडतं तेच नडतं. सलईचं पण विचारूनच घ्या मग.

दौलतगंजची_सून:
बरं झालं विचारलं, डबी उघडलीच नव्हती. शुक्रवारी आयएनआरला जायचंच आहे, डबी सोबत घेऊन जाते. सासूबाई मागून विचारताहेत, वरणातली हळद तरी चालेल ना?

फार्मावाला_लष्कर:
चालेल, रोज घालता तेवढीच. त्यात वरून चमचाभर हळदीचं दूध नवीन सुरू करू नका म्हणावं.