मदत हवी आहे: समसंबंधाच्या प्रश्नांत दोन पर्यायांवर अडकते

बुद्धिमत्ता चाचणीच्या तयारीत अंकमालिका, दिशा वगैरे जमतं. गाडी अडते ती शब्दांच्या समसंबंधावर. ‘थर्मामीटर : तापमान :: बॅरोमीटर : ?’ असं असेल तर प्रश्न नाही, हवेचा दाब. माहिती असली की झालं.

पण कालचाच नमुना बघा. ‘झुळूक : वादळ’ यासारखी जोडी निवडायची होती. पर्याय: थंड : गरम, नाराज : संतप्त, ढग : पाऊस, संताप : चीड. मी ‘थंड : गरम’वर खूण केली, कारण डोक्यात विरुद्धार्थी बसलं. उत्तर होतं ‘नाराज : संतप्त’, म्हणजे तीच गोष्ट, फक्त तीव्रता वाढलेली. ‘संताप : चीड’मध्येही तीव्रताच आहे, पण क्रम उलटा! (हा पर्याय टाकणाऱ्याला दंडवत.)

दोन शब्द जोडणारं वाक्य आधी मनात बनवायचं, ही युक्ती मी वापरते. ‘करवत हे सुताराचं अवजार’ म्हटलं की ‘वस्तरा : न्हावी’ लगेच सापडतं. मात्र ‘कुंचला : ?’ला चित्रकार आणि रंगारी दोन्ही पर्यायांत दिसले की माझं वाक्य दोघांनाही लागू पडतं.

अशा वेळी वाक्य नेमकं कसं करता? आधी संबंधाचा प्रकार ठरवता की थेट पर्याय घालून बघता? आणि क्रम तपासायची सवय कशी लावली? घाईत मी तिथेच हमखास गुण घालवते. सरावासाठी अवघड जोड्या असतील तर त्याही द्या, सोप्या नकोत.