घरच्या कॉकपिटसाठी प्रोजेक्टर घेण्याआधी खोली मोजावी, असे माझे मत आहे

घोडबंदरवासी (धागाकर्ता)

गेली दोन वर्षे घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरातल्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत मी बोइंग ७३७ चे कॉकपिट प्लायवुडमध्ये उभारत आहे. दोन आसने, मधला पेडेस्टल आणि वरचे पॅनेल बसवून झाले आहे. आता खिडकीबाहेरचे दृश्य तेवढे राहिले आहे. संगणकावरचे फ्लाइट सिम्युलेटर उडवणाऱ्या बहुतेक मित्रांनी मला तीन मोठे टीव्ही लावण्याचा सल्ला दिला. माझा कल मात्र गोलाकार पडदा आणि तीन प्रोजेक्टर यांच्याकडे आहे. तो का, हे सविस्तर मांडतो आणि आपणा सर्वांची मते, विशेषतः विरोधी मते, मागतो.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न लुमेनचा, म्हणजे उजेडाचा, येतो आणि दुसरा फोर-केचा, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांचा. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. खोलीची रुंदी दहा फूट, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. पडद्याच्या चौकटीपुरती जागा सोडून डोळा मध्यभागी धरला, तर पडद्याची त्रिज्या १.४ मीटर येते आणि १८० अंशांच्या कमानीची लांबी साधारण ४.४ मीटर होते. शेजारच्या प्रतिमा एकमेकींवर पंधरा टक्के चढवायच्या असतील, तर प्रत्येक प्रोजेक्टरला सुमारे १.६ मीटर रुंदीचे चित्र द्यावे लागते. ज्याचा थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ आहे, त्या नेहमीच्या प्रोजेक्टरला यासाठी २.४ मीटर अंतर हवे; म्हणजे डावीकडचे चित्र टाकणारा प्रोजेक्टर जवळजवळ उजव्या भिंतीला टेकवावा लागेल आणि त्याचा झोत कॉकपिटच्या छपरावर अडून पडद्यावर सावली पडेल. ०.५ रेशोचा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर ०.८ मीटरवरून, छताला टांगून, वैमानिकाच्या डोक्यावरूनच तेवढे चित्र देतो. त्यामुळे थ्रो रेशो ठरल्याशिवाय बाकी कोणताही आकडा पाहण्यात अर्थ नाही. भिंतीला चिकटवून ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो मात्र या कामाचे नाहीत, कारण त्यांचा प्रकाश इतका तिरपा जातो की गोलाई तर सोडाच, सपाट भिंतीच्या प्लास्टरमधली लाटसुद्धा क्षितिजरेषेत दिसते.

आता स्पष्टतेविषयी. फुल एचडीच्या एका ओळीतले १९२० ठिपके (पिक्सेल) एका प्रोजेक्टरच्या वाट्याच्या सुमारे ६७ अंशांवर पसरले, तर एका अंशाला २९ ठिपके पडतात. निरोगी डोळा एका अंशात साधारण ६० ठिपके वेगळे ओळखू शकतो, म्हणजे आपण निम्म्यावर आहोत, हे मी मान्य करतो. फोर-केने ही उणीव बरीच भरून निघते; परंतु तीन फुल एचडी चित्रांचे ६२ लाख ठिपके रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला तेव्हा जवळपास अडीच कोटी ठिपके रंगवावे लागतात, आणि वळणात दृश्य अडखळू लागले की उड्डाणाचा सगळा भास मोडतो. शिवाय अनेक स्वस्त फोर-के डीएलपी (सूक्ष्म आरशांच्या चिपवर चालणाऱ्या) प्रोजेक्टरांतील चिप मुळात फुल एचडीचीच असते आणि ठिपके वेगाने सरकवून जादा स्पष्टता साधली जाते. म्हणून मी आज तरी फुल एचडीच घेईन.

ऐरोलीकर

गणित बिनचूक आहे, निष्कर्ष मला मान्य नाही. ५५ इंची टीव्हीची रुंदी १२२ सेंटीमीटर असते. तो डोळ्यापासून एक मीटरवर ठेवला, तर सुमारे ६३ अंश व्यापतो; तीन मिळून १८८ अंश झाले. पडदा नको, चित्रे एकमेकींत मिसळणारे सॉफ्टवेअर नको, छताला भोके नकोत.

मी हे अनुभवाने लिहीत आहे. चार वर्षांपूर्वी मी दोन जुने एलसीडी प्रोजेक्टर घेतले होते. मॉडेल एकच, पण दोघांचे आयुष्य वेगवेगळ्या ठिकाणी गेलेले. पहिल्याच संध्याकाळी उजवीकडचे आकाश निळे आणि डावीकडचे पिवळसर दिसले, कारण त्यातला निळ्या रंगाचा भाग उष्णतेने थकला होता. रंग जुळवण्यात दोन महिने घालवले. निळा वाढवला की ढग जांभळे होत आणि कमी केला की खाडीचे पाणी मातकट दिसे. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्याच्या लेन्सवर आतून बुरशीची जाळी धरली. विक्रेत्याने हात वर केले.

याहून मोठा आक्षेप रात्रीच्या उड्डाणाचा आहे. प्रोजेक्टरला खरा काळा रंग दाखवता येत नाही. तो काळा म्हणून मंद करडा प्रकाश टाकतो. जिथे दोन चित्रे एकमेकींवर येतात, तिथे हा करडेपणा दुप्पट होतो आणि अंधाऱ्या आकाशात दोन उभे पट्टे उमटतात. मिश्रणाचे सॉफ्टवेअर चित्राचा उजेड कमी करू शकते, पण लेन्समधून गळणारा हा प्रकाश त्याला थांबवता येत नाही. धावपट्टीचे दिवे शोधत उतरणाऱ्या माणसासाठी हा दोष किरकोळ नाही.

नेरुळकर

मला दोन्ही पर्याय अपुरे वाटतात. मी सेस्ना १७२ या छोट्या विमानावर सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची चौकोनी फेरी, उडवतो. धावपट्टीला समांतर उडताना तिचे टोक खांद्यामागे ४५ अंशांवर गेले की बेस लेगसाठी (धावपट्टीला काटकोनात असलेल्या टप्प्यासाठी) वळायचे, ही शिकवण आहे. म्हणजे नाकापासून १३५ अंश मागे पाहता आले पाहिजे. १८० अंशांचा पडदा दोन्ही बाजूंना ९० अंशांवर संपतो. वळण घ्यायच्या नेमक्या क्षणी धावपट्टी पडद्याबाहेर गेलेली असते. व्हीआर हेडसेटमध्ये मान वळवली की ती दिसते, आणि खर्च एका चांगल्या प्रोजेक्टरपेक्षा फारसा जास्त येत नाही. ज्याला दृश्य हवे, त्याने तोच घ्यावा.

पाचपाखाडीकर

प्रोजेक्टर की टीव्ही, यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर धागाकर्त्यांनी द्यावे: चित्र कोणासाठी काढणार? आपल्या कॉकपिटला दोन आसने आहेत. कॅप्टनचा डोळा मध्यरेषेपासून सुमारे अर्धा मीटर डावीकडे असतो. पडदा १.४ मीटरवर असेल आणि चित्र मध्यबिंदूसाठी काढलेले असेल, तर सरळ समोरची धावपट्टी कॅप्टनला जवळजवळ २० अंश उजवीकडे दिसेल आणि सहवैमानिकाला तेवढीच डावीकडे. दोघेही सरळ उडत असतील आणि दोघांनाही आपण चुकतो आहोत असे वाटेल.

विमान कंपन्यांच्या प्रशिक्षणातील फुल फ्लाइट सिम्युलेटरमध्ये हा दोष काढण्यासाठी वेगळी रचना असते. प्रोजेक्टर कॉकपिटच्या वरच्या अर्धपारदर्शक पडद्यावर मागून चित्र टाकतात, आणि वैमानिक ते चित्र समोरच्या प्रचंड वक्र मायलर आरशात पाहतात. मायलरची ताणलेली फिल्म मागच्या बाजूने हवा खेचून गोलाईत ठेवलेली असते. आरशातून येणारे किरण जवळजवळ समांतर होतात, त्यामुळे दृश्य फार दूर असल्याचे दिसते आणि दोन्ही आसनांवरून धावपट्टी एकाच दिशेला राहते. घरात हे करणे खर्चाचे आणि जागेचे काम आहे. म्हणून माझा आग्रह असा की घरच्या सिम्युलेटरमध्ये एकच आसन खरे मानावे आणि संपूर्ण दृश्य त्याच डोळ्यासाठी बसवावे.

घोडबंदरवासी (धागाकर्ता)

पाचपाखाडीकरांचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. तो माझ्या मांडणीतून सुटला होता. एकटा उडवताना दृश्याचा केंद्रबिंदू कॅप्टनच्या डोळ्यावर आणीन आणि शेजारी कोणी बसले तर मध्यावर नेईन. वॉर्पिंगच्या, म्हणजे चित्र पडद्याच्या गोलाईनुसार वाकवणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही रचना साठवता येतात. टीव्ही मात्र जागेवरून हलवावे लागतील.

ऐरोलीकरांच्या हिशेबात एक अडचण आहे. माझ्या प्लायवुडच्या कवचाची रुंदीच दोन मीटर आहे. मध्यापासून एक मीटरवर टीव्ही ठेवायचा म्हटला तर तो बाजूच्या खिडकीतच घुसेल. पडद्याच्या जागी, १.४ मीटरवर ठेवला तर ५५ इंची टीव्ही ४७ अंशच व्यापतो आणि तिन्ही मिळून १४१ अंश होतात. दोन टीव्हींमधली कड खिडकीच्या खांबामागे लपवता येते हे खरे, पण ती एकाच डोळ्याच्या जागेवरून लपते; पुढे वाकून पाहिले की कड बाहेर येते.

नेरुळकर, तुमचा सर्किटचा आक्षेप सेस्नासाठी अगदी योग्य आहे. परंतु ज्याने दोन वर्षे एकेक खटका हाताने बसवला आहे, त्याने हेडसेट घालून तेच खटके चाचपडत शोधावेत, हे मला पटत नाही.

गेल्या आठवड्यात एका मित्राकडून शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर दोन दिवसांसाठी आणला आणि पांढऱ्या चादरीवर मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरून पाहिले. ठाण्याची खाडी ओलांडून घाटकोपरच्या वस्तीवर आलो तेव्हा पत्र्याची छपरे बाजूच्या खिडकीतून मागे सरकत होती, आणि प्लायवुडच्या पेटीत बसलेलो असतानाही विमान थोडे कलताच माझा पाय आपोआप रडरच्या (शेपटीच्या सुकाणूच्या) पेडलवर दाबला गेला. टीव्हीसमोर माझ्याकडून असे कधी झाले नव्हते.

ऐरोलीकर

मग ६५ इंची घ्यावेत. रुंदी १४४ सेंटीमीटर, १.४ मीटरवर ५४ अंश, तिन्ही मिळून १६३. सतरा अंशांसाठी आपण तीन पंखे, तीन लेन्स आणि मेट्रोच्या कामाची धूळ खाणारे तीन फिल्टर पदरात घेत आहात. आणि रात्रीच्या पट्ट्यांवर आपण एक शब्दही लिहिलेला नाही.

घोडबंदरवासी (धागाकर्ता)

रात्रीचा मुद्दा टाळला, हा आरोप बरोबर आहे. १६३ अंशही मी कमी लेखत नाही. जुने दिव्याचे प्रोजेक्टर घेणार नाही, हे आपल्या अनुभवावरून पक्के केले. त्यांचा दिवा साधारण ३,००० ते ५,००० तास चालतो आणि तिघांचे दिवे सारखे म्हातारे होत नाहीत. लेझरला २०,००० तासांचे आयुष्य सांगतात आणि वीज गेली तरी तापलेल्या दिव्याची काळजी नसते. एकाच खेपेतले तीन नवे घ्यायचे आणि पडदा पांढऱ्याऐवजी फिकट करड्या रंगात रंगवायचा, असे ठरवले आहे. गोलाकार पडद्याची एक बाजू दुसऱ्या बाजूवर उजेड फेकते आणि सगळे चित्र फिके होते. करडा रंग हा उजेड शोषतो आणि काळाही थोडा खाली आणतो. पट्टे यामुळे फिकट होतील, पण नाहीसे होणार नाहीत, हे मला कळते.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून एकाच मॉडेलचे दोन प्रोजेक्टर एका रात्रीसाठी मागितले आहेत. करड्या रंगवलेल्या फळीवर दोन्ही चित्रे पंधरा टक्के एकमेकींवर चढवीन, कॉकपिटचे दिवे रात्री ठेवतो तेवढेच ठेवीन आणि चांदणे नसलेल्या रात्रीचे आकाश लावून दहा मिनिटे डोळे सरावू देईन. त्यानंतरही पट्टा स्पष्ट दिसला, तर ६५ इंची टीव्हींचे माप मी लिहून ठेवले आहे. ऐरोलीकरांनी त्या रात्री कॅप्टनच्या आसनावर बसून स्वतः पाहावे, ही विनंती.