वडिलांच्या स्मरणार्थ उपासनेत कोणता शास्त्रपाठ वाचावा?

रानमोगरा
जय ख्रिस्त. माझे बाबा जूनमध्ये गेले. नगर जिल्ह्यात आमची कोरडवाहू जमीन आहे, गेल्या वर्षीपर्यंत शाळू ते स्वतः पेरत. येत्या शनिवारी घरी स्मरणार्थ उपासना आहे आणि पाळकसाहेबांनी वाचन मला निवडायला सांगितलंय. स्तोत्र २३ दफनविधीला झालं, त्यामुळे दुसरं काही सुचवा. सासरची मंडळी हिंदू आहेत, तीही येणार. आणखी एक. मंडळीतल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "विश्वासणाऱ्यांनी रडू नये." ते फार लागलंय. वाचताना मी रडणारच. आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा रोज विचारतो, आजोबा आत्ता कुठे आहेत?

बेथानी
ताई, योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय वाचा. "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" एवढंच वचन तोडून घेऊ नका, मार्था येशूला सामोरी येते तिथपासून तिचा मेलेला भाऊ लाजर कबरीतून बाहेर येईपर्यंत सगळं वाचा. मार्था आणि तिची बहीण मरिया दोघी तेच बोलतात, "प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता." येशू त्यांना गप्प करत नाही. थोड्याच वेळात लाजराला हाक मारणार हे त्याला ठाऊक आहे, तरीही तो रडतो. प्रेषित पौलसुद्धा थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात दुःखच करू नका असं सांगत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं करू नका, असं सांगतो. तुम्ही रडत वाचलंत तरी वाचन पूर्ण होईल.

काळी_माती
बाबा शेतकरी होते ना? मग पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५, वचन ३५ ते ४४. मेलेले कोणत्या शरीराने उठतात, या प्रश्नाला पौल पेरणीचं उत्तर देतो. आपण उघडा दाणा पेरतो, वर येतं ते ताट वेगळंच दिसतं, पण ते त्याच दाण्याचं असतं. पाहुण्यांनाही हे समजेल. आत्मा अमर आहे हे ते मानतातच. आपली आशा त्याहून वेगळी आहे ती इथे. दर रविवारी विश्वासांगीकारात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या कबुलीत, आपण 'शरीराचं पुनरुत्थान' म्हणतो. ज्या हातांनी बाबांनी पाभर धरली ते हातही देवाने टाकून दिलेले नाहीत. हे दोन वाक्यांत आधी सांगा, मग वाचा. वाद होईल असं बोलू नका, ते तुमच्या दुःखात सामील व्हायला येताहेत.

वसईकर
आम्ही कॅथलिक, मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, अर्पण करतो. तुमच्याकडे तशी रीत नाही. पण २ नोव्हेंबरला आम्ही कबरी झाडून फुलं वाहतो, मेणबत्त्या लावतो, तेव्हा मुलांना सोबत नेतो. तुमच्या मुलालाही एकदा कबरीवर न्या.

शब्बाथशाळा_शिक्षिका
मुलाला "आजोबा झोपलेत" असं सांगू नका. शास्त्रातला 'महानिद्रा' हा शब्द मोठ्यांना धीर देतो, पण माझ्या वर्गातली एक मुलगी त्यानंतर झोपायलाच घाबरू लागली. सरळ सांगा, आजोबांचं शरीर मेलं, ते प्रभूजवळ आहेत, आणि प्रभू एक दिवस त्यांना शरीरासह उठवील. वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. 'कुठे' याचं माझ्याकडे तरी एवढंच उत्तर आहे, आणि मुलांना ते पुरतं.

केडगाव_लाईन
जमलं तर पंडिता रमाबाईंच्या मराठी बायबल भाषांतरातून वाचा. मूळ हिब्रू-ग्रीकवरून, साध्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी ते केलं. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी बाईंनी काम सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. माझी आई गेली तेव्हा मी त्यातूनच वाचलं होतं.

रानमोगरा
सगळ्यांचे मनापासून आभार. योहान ११ मीच वाचते. पेरणीचा उतारा मुलाला देतेय, कालपासून तो मोठ्याने सराव करतोय, आणि 'दाणा' शब्दापाशी थांबून विचारतो, "आजोबांच्या कणगीतल्यासारखा?"