कॅरीच्या पिस्तुलावर कुठल्या साइट्स बसवाव्यात? कंपनीच्या प्लास्टिकच्या काढायच्या आहेत

शांतपाणी:
नमस्कार मंडळी. ग्लॉक १९ पिस्तूल आहे, लायसन्स रीतसर आहे, रोज कमरेला पँटच्या आत होल्स्टरमध्ये असतं. साइट्स (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या पात्या) अजून कंपनीच्याच, प्लास्टिकच्या, पुढे पांढरा ठिपका आणि मागे पांढरा यू. होल्स्टरमधून आत-बाहेर होऊन होऊन पुढच्या साइटच्या कडा गोल झाल्यात आणि ठिपका मळून करडा पडलाय. बदलायच्या हे नक्की, पण वाचायला बसलो तर जितकं वाचलं तितका गोंधळ वाढला. कोणी म्हणतं तीन डॉटवाली ट्रिटियम (अंधारात आपोआप चमकणारी) घे, कोणी म्हणतं फायबर ऑप्टिकशिवाय काही घेऊच नको, कोणी म्हणतं मागची पूर्ण काळी पाहिजे. वय चाळिशीच्या पुढे, लांबचं स्वच्छ दिसतं पण वाचायला चष्मा लागतो. सराव सगळा दिवसा, गरज मात्र रात्री पडायची शक्यता जास्त, म्हणून ट्रिटियमकडे ओढा आहे. रेड डॉट (लाल ठिपक्याची इलेक्ट्रॉनिक साइट) नकोय, त्यासाठी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) कापायची नाही. काय बघून निवडायचं ते सांगा, नुसतं ब्रँडचं नाव नको.

काळा_नॉच:
दादा, आधी एक ठरवा, तुमची नजर पहिल्यांदा कुठे जायला हवी? पुढच्या साइटवर. मग जे काही रंगीत, चमकणारं, डोळ्यात भरणारं असेल ते पुढे असू द्या आणि मागची गप्प बसू द्या. तीन सारखे पांढरे ठिपके असले की घाईत डोळा तिघांनाही सारखाच भाव देतो, आणि अंधारात तीन सारखे हिरवे ठिपके दिसले की पुढचा कुठला आणि मागचे कुठले हे शोधण्यात वेळ जातो, कधीकधी तर पुढचा ठिपका चक्क मागच्या दोघांच्या बाहेर जाऊन बसतो आणि तरी तीन ठिपके ओळीत दिसतात म्हणून माणूस ट्रिगर दाबतो. हे मी लोकांच्या हातून होताना पाहिलंय.

म्हणून मी सांगेन पुढे ट्रिटियमची नळी आणि तिच्याभोवती केशरी किंवा पिवळसर हिरवं कडं, मागे साधी काळी, बारीक रेघा मारलेली म्हणजे उजेड चमकून परत येत नाही. ट्रायजिकॉन कंपनीच्या एचडी सेटमध्ये पुढे असं रंगीत कडं आहे आणि मागे रुंद यू, अमेरिग्लोकडेही याच विचाराचे सेट आहेत. एचडी एक्सआरमध्ये पुढची पाती बारीक आहे, लांबच्या नेमाला बरी पडते. मागे ट्रिटियम हवंच असेल तर पुढच्यापेक्षा मंद किंवा वेगळ्या रंगाचं घ्या.

आणि मागच्या नॉचची (खाचेची) रुंदी बघा, हे कोणी बघतच नाही! पुढची पाती नॉचमध्ये बसल्यावर दोन्ही बाजूंना उजेडाची फट स्पष्ट दिसली पाहिजे. फट फार बारीक असेल तर नेम अचूक पण हळू, मोठी असेल तर पटकन. कॅरीला मी जरा मोठी फट घेईन, तुमच्या नजरेला तर नक्कीच.

उजेड_आधी:
ट्रिटियमबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे त्याच्याकडून भलती अपेक्षा राहणार नाही. काचेच्या बारीक नळीत ट्रिटियम वायू असतो, त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन नळीच्या आतल्या फॉस्फरवर आपटतात आणि तो चमकतो. बॅटरी नाही, आधी उजेड दाखवायला लागत नाही, काही नाही. ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्यात ते निम्मं उरतं, वर फॉस्फरही थकतो, त्यामुळे प्रत्यक्षात चमक त्याहून लवकर उतरल्यासारखी वाटते. घेताना बनवल्याची तारीख बघा, जुना पडून राहिलेला सेट घेऊ नका.

आता मुद्दा. ट्रिटियम तुम्हाला साइट दाखवतं, समोरचा माणूस नाही दाखवत. मिट्ट काळोखात समोर कोण आहे हे कळत नसेल तर गोळी चालवायचा प्रश्नच येत नाही, तो घरचाच माणूस असू शकतो. त्यासाठी टॉर्च लागते. आणि टॉर्चचा उजेड समोर पडला की साइट्स काळ्या सावलीसारख्या कोरीव दिसतात, तिथे ट्रिटियम असलं काय नसलं काय. मग ते कामाला कधी येतं, तर तुम्ही अंधारात आणि समोरचा उजेडात, किंवा संध्याकाळचा तो धड ना उजेड ना अंधार असा वेळ, तेव्हा समोरचं ओळखू येतं पण काळी साइट काळ्या कपड्यावर हरवते. असे प्रसंग येतात, म्हणून घ्याच. पण साइटच्या आधी चांगली हातातली टॉर्च घ्या आणि ती एका हातात धरून पिस्तूल कसं चालवायचं त्याचा सराव करा. हे मी कळकळीने सांगतोय.

दुपारची_रेंज:
वरच्या दोघांशी अर्धा सहमत. दिवसा फायबरच्या पुढे कोणी टिकत नाही, ती काडी आजूबाजूचा उजेड गोळा करून टोकाला इतकी चमकते की शोधावी लागत नाही. अंधारात ती नुसती काळी पाती, हे खरं, पण उजेड_आधींनीच सांगितलं की मिट्ट अंधारात टॉर्च लागणारच, मग फायबरला नापास का करायचं? तोटा एवढाच की काडी नाजूक असते, तुटली किंवा निसटली तर बारीक भोक उरतं. जादा काडी जवळ ठेवायची, कापून लायटरने दोन्ही टोकं हलकी वितळवली की बसते.

फायबर आणि ट्रिटियम दोन्ही एकत्र असलेल्यासुद्धा येतात, ट्रूग्लोच्या टीएफएक्समध्ये दोन्ही एका बंद कुपीत असतात. वाईट नाहीत, पण मला त्यातला पुढचा ठिपका लांबच्या नेमाला जाड वाटतो.

शांतपाणी:
खूप छान समजलं, धन्यवाद. मागची काळी हे पटलं. आता दोन शंका. एक्सएस कंपनीची बिग डॉट बघितली, पुढे मोठा गोळा आणि मागे उथळ व्ही, ती कमजोर नजरेला चांगली म्हणतात, खरं का? आणि वाचायचा चष्मा लावून नेम धरायची सवय करू का? चष्म्याशिवाय पुढची साइट थोडी धूसर दिसते.

वाकडी_नजर:
चष्मा लावून सराव करू नका, साधं कारण म्हणजे वेळ येईल तेव्हा तो खिशात असेल. जसे रोज वावरता तसंच दिसतंय त्यातच नेम जमला पाहिजे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, हाताच्या अंतरावरचं जवळ खेचून स्वच्छ करणं त्याला जमेनासं होतं, म्हणून पुढची साइट धूसर. धूसर असली तरी चालते! ५ ते ७ मीटरवर धूसर पण ठळक रंगाची पुढची साइट नॉचच्या मध्ये असेल तर गोळी जिथे जायची तिथेच जाते. उद्या प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचं-जवळचं एकाच काचेत) लागला तर त्यात वाचायचा भाग खाली असतो, साइट बघायला डोकं मागे जातं आणि सगळी ठेवण बिघडते, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांशी आधीच बोला.

बिग डॉट जवळच्या अंतरावर खरंच पटकन सापडते. पण २० ते २५ मीटरवर तो गोळा लक्ष्याचा बराच भाग झाकतो आणि उथळ व्हीमध्ये उंची चुकतेय हे कळत नाही. तुम्हाला लांबचं स्वच्छ दिसतंय, मग एवढं टोक गाठायची गरज मला दिसत नाही.

खर्च करायच्या आधी एक करून बघा. मागचा पांढरा यू काळ्या मार्करने रंगवा, पुढच्या ठिपक्यावर आधी पांढरा थर आणि वर भडक केशरी किंवा हिरवं नेलपेंट लावा. रेंजवर जा, मग घरात संध्याकाळच्या उजेडात पिस्तूल रिकामं करून, मॅगझिन काढून, चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासून नुसता नेम धरून बघा. हिरवा की केशरी, आणि काळी मागची साइट झेपते की नाही, हे त्यातच कळेल.

फाईल_आणि_पितळ:
सगळे रंगावर बोलतायत, उंचीवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. नवीन सेटची उंची तुमच्या पिस्तुलाशी जुळली नाही तर कितीही सुंदर दिसला तरी गोळी वर किंवा खाली जाईल. ग्लॉक १९ ला दोन साइट्समधलं अंतर साधारण १५३ मिलिमीटर. पुढची साइट अर्ध्या मिलिमीटरने उंच झाली तर १० मीटरवर गोळी सुमारे ३३ मिलिमीटर खाली लागते, २५ मीटरवर ८२ च्या आसपास. पुढची उंच तर गोळी खाली, मागची उंच तर गोळी वर. ग्लॉकच्या स्वतःच्या मागच्या साइट्स ६.१, ६.५, ६.९ आणि ७.३ मिलिमीटर अशा उंचीत येतात त्या याचसाठी. शक्यतो पुढची-मागची एकाच कंपनीची, तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेली जोडी घ्या.

आणखी, गोळी साइटच्या टोकावर लागायला हवी की ठिपक्याच्या मागे लपलेल्या जागी, हे सेटप्रमाणे बदलतं, कंपनीने दिलेल्या कागदात चित्र असतं ते बघा. तपासताना हात टेकवून, कॅरीला जी गोळी वापरता तीच वापरून तपासा, कारण जड आणि हळू गोळी पिस्तुलाच्या अंतरावर साधारणपणे वर लागते. आणि उजव्या हाताने चालवत असाल आणि गोळ्या खाली-डावीकडे जात असतील तर लगेच मागची साइट सरकवू नका, बहुतेक वेळा तो ट्रिगर झटकल्याचा परिणाम असतो. दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्या, त्याच्याही डावीकडे गेल्या तरच सरकवा, जिकडे गोळी न्यायची तिकडेच मागची साइट न्यायची.

मागची स्टीलची घ्या आणि तिची पुढची बाजू सरळ उभी असलेली घ्या, म्हणजे एक हात जायबंदी झाला तर पट्ट्याच्या किंवा टेबलाच्या कडेला साइट अडकवून स्लाइड ओढता येते. उतार असलेली निसटते.

बसवताना मागची पुशरनेच (साइट दाबून सरकवायच्या साधनाने) बसवा. हातोडी मारायचीच वेळ आली तर पितळेचा किंवा नायलॉनचा पंच, ट्रिटियमच्या नळीजवळ ठोकायचं नाही, काच आहे ती. फार घट्ट जात असेल तर साइटचा तळ थोडा थोडा घासा, स्लाइडला फाईल लावू नका. पुढची आतून छोट्या षटकोनी स्क्रूने बसते, दोन्हीकडचं तेल पुसून निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब, आणि ताकद लावू नका, तो स्क्रू मानेत तुटतो.

शांतपाणी:
ठरलं, पुढे केशरी कड्याची ट्रिटियम, मागे काळी रुंद नॉचची स्टीलची, आणि आधी नेलपेंटचा प्रयोग. टॉर्च पण घेतोय. पुशर रेंजवरच्या आर्मररकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) आहे. बसवल्यावर किती दिवसांनी परत तपासायचं?

फाईल_आणि_पितळ:
थ्रेडलॉकला पूर्ण एक दिवस द्या, तोवर चालवू नका. मागची साइट आणि स्लाइड दोन्हींवरून जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. पहिल्या सरावानंतर बघा, रेघ तुटलेली दिसली तर साइट सरकली. पुढची बोटाने हलवून बघायची. नंतर दर वेळी साफ करताना एक नजर टाकली तरी पुरे.